मागचं बटण

"चावी ठेव, बुधराम," भय्याजी म्हणाले आणि टेबलावर नेमकी कुठं ठेवायची ती जागासुद्धा बोटानं दाखवली.

तळ्याच्या पाळीवरची ती टिनाची खोली माणसांनी गच्च भरली होती. मच्छीमार सोसायटीचे झाडून सगळे सभासद आले होते, आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ते खिडकीचे गज धरून बाहेर लटकले होते. खोलीत खुर्च्या दोनच. एकीवर सोसायटीचे अध्यक्ष भय्याजी, दुसरीवर मंजुषा. मंजुषा भंडाऱ्याहून आलेली. मांडीवर लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्र, स्कूटीवरून येताना चेहऱ्यावर बसलेली धूळ अजून तशीच. सिहोऱ्याच्या आसपासच्या गावांत तिला नावानं कोणी ओळखत नसे. कुठल्या शाळेत, कुठल्या ग्रामपंचायतीत इंटरनेटचा डब्बा रुसला की ती यायची, म्हणून ती 'डब्बेवाली बाई'.

तळ्याचा राखणदार बुधराम चावी मुठीत धरून उभाच राहिला.

"पन मी का केलो, थे तं सांगा."

"मी कायले सांगू? मॅडम सांगतीन."

आणि मॅडमनं सांगितलं. अगदी स्वच्छ, शाळेतल्या बाई फळ्यापाशी उभ्या राहून बोलतात तशा भाषेत सांगितलं. "डब्यातले नियम आपोआप पुसले जात नाहीत. कोणीतरी मागचं बटण दाबलं असलं पाहिजे. दुसरं काही कारणच नाही."

दुसरं काही कारणच नाही! हे चार शब्द पुढे तिला जेवताना, झोपताना, चपलेचा पट्टा लावताना ऐकू येणार होते. पण त्या घडीला तिला ते म्हणताना बरंच वाटलं. इतकी माणसं एका बाईच्या तोंडाकडे बघताहेत, हे सुख रोजरोज कुठं मिळतं?

झालं होतं असं. तळ्यातून मासळी चोरीला जायला लागली, म्हणून सोसायटीनं पाळीवर खांब रोवून दोन कॅमेरे बसवले. एक पाळीकडे बघणारा, एक पाण्याकडे. चित्र जाऊन साठायचं भय्याजींच्या सिहोऱ्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरात. मधे दुभाष्या म्हणून हा डब्बा, हाताच्या पंजाएवढा. आणि रोज सकाळी, नेमकी मासळी बाहेर निघायच्या वेळी, दुकानातलं चित्र काळं व्हायचं. मंजुषा भंडाऱ्यात बसून लांबूनच डब्यात शिरायची, नियम परत घालायची, मग चित्र यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळोख. त्या काळोखात चोर आपलं काम उरकायचे.

"लाइन मी बंद करतो बाई," बुधराम म्हणाला. "रोज करतो. कोनापासून लपवलो नाही. जाळं पाण्यात असते तवा लाइन बंदच रायते, इश्वर गेला तवापासून."

इश्वर त्याचा धाकटा भाऊ. मोटरपंपाची तार तुटून पाण्यात पडली होती आणि इश्वर छातीभर पाण्यात होता. तेव्हापासून या तळ्याची रीतच पडली. बुधरामनं पाळीवरच्या खोलीतला विजेचा मोठा खटका खाली ओढावा, बाहेर येऊन "बंद!" म्हणून आरोळी द्यावी, मगच माणसांनी पाण्यात पाय घालावा. जाळं बाहेर आलं की खटका वर.

"लाइन तू घंट्याभरानं लावतं ना परत?" भय्याजी म्हणाले. "मंग कॅमेरा दुपारपावेतो आंधळा काहून रायते? का वं मॅडम, लाइन आली का डब्बा आपोआप उठाले पायजे ना?"

"उठायलाच पाहिजे."

"मंग?"

बुधरामनं आपला उजवा हात सगळ्यांसमोर धरला. पाण्यानं आणि दोरानं सोलवटलेली, हळकुंडासारखी जाड बोटं. "थे बटन एका भोकात आहे म्हन्ते बाई. त्या भोकात माह्यं बोट तरी जाते का?"

माणसं हसली. मंजुषाही हसली. तेवढ्यात खिडकीतून कोणीतरी बोललं, "गळाचं टोक जाते ना पन!"

हसू तिथंच विझलं. गळ कोणाच्या घरी नव्हता? पण डब्याच्या कपाटाची चावी एकट्या बुधरामकडे होती.

त्यानं चावी ठेवली. भय्याजींनी दाखवलेल्या जागेवर नाही. मंजुषाच्या पुढ्यात, लॅपटॉपच्या कडेला, हळूच.

"तुमी म्हन्ता तं असन," म्हणाला, आणि माणसांतून वाट काढत निघून गेला.

डब्बा बसवला त्या दिवशीची गोष्ट वेगळी होती. तो दिवस किती झकास होता! मंजुषा काम करत होती आणि बुधराम तिच्या मागं उकिडवा बसून एकेक विचारत होता.

"हा करते तरी का, बाई?"

"आता समजा, भंडाऱ्याहून कोणी पाव्हणा आला. त्याला तुमच्या गावातलं फक्त तळं माहीत. कोणाचं घर कुठं, काही माहीत नाही. तो तळ्यावर येऊन तुम्हाला विचारणार. तुम्ही त्याचं तोंड बघणार. माणूस ठीक वाटला तर घरापर्यंत नेऊन सोडणार, नाही तर आल्या वाटेनं लावून देणार. डब्बा तेच करतो. बाहेरच्याला एकच पत्ता माहीत. आतले कॅमेऱ्यांचे पत्ते ह्याच्यापाशी. कोणाला आत घ्यायचं, कोणाकडे पाठवायचं, त्याचे नियम मी लिहिते."

"म्हंजे हा बी राखनदारच."

"अगदी."

"बिडी पेते का?"

"नाही."

"मंग रात कशी काढते बाप्पा!"

मग कॅमेऱ्याची नजर कुठवर पोचते ते बघायला तिनं त्याला पाळीवर चालायला लावलं. ती खोलीतून ओरडायची, "अजून पुढं... अजून... बस, आता नाही दिसत!" एका बाजूला करंजीचं झाड, दुसऱ्या बाजूला सांडव्याचा दगड. त्याच्यापलीकडे कॅमेरा आंधळा. बुधरामला तो खेळ भारी आवडला. खांबाखाली उभा राहून, मान वर करून, लग्नात फोटो काढतात तसा सावधान होऊन तो ओरडला, "दिसून राहिलो का, बाई?"

"दिसून राहिले!"

तेवढ्यात त्याची बायको सखाबाई आली आणि म्हणाली, "चला वं बाई, भात निवून राह्यला." तांदूळ घरच्या धानाच्या बांधीतला, मासा तळ्यातला. मंजुषानं लॅपटॉप मिटला आणि उठली. चित्र तर आलंच होतं. सखाबाईनं वाढताना हात आखडला नाही, आणि मंजुषानंही खाताना लाज ठेवली नाही.

तर आता चावी आणि खटक्याचं काम गेलं भय्याजींच्या पुतण्याकडे, भूपेशकडे. दोन लेकरांचा बाप, सिहोऱ्यात ट्रॅक्टरचं काम करणारा, कामापुरतं बोलणारा माणूस. पहिल्याच सकाळी त्याचा मंजुषाला फोन.

"मॅडम, आज बी आंधळाच आहे हो."

मंजुषा भंडाऱ्यात घरीच होती. तिनं लॅपटॉप उघडला, परवलीचा शब्द घातला, डब्यात शिरली. डब्बा नुकताच जागा झालेला. नियमांची यादी मोकळी. पुढे पाठवण्याची परवानगी बंद. सगळं कोरं, जसं भंडाऱ्याहून निघताना होतं तसं.

"भूपेशभाऊ, मागच्या बटणाला हात लागला का?"

"माहा? कपाट तं मी उघडलोच नाही. खटका खाली केला होता तेवढा. नाही केला तं कोनी पाण्यात उतरतच नाही ना."

"बरं," मंजुषा म्हणाली. "बघते."

आणि ती बघू लागली. पडद्याकडे नाही, स्वतःच्या बोटांकडे. आत्ता या बोटांनी परवलीचा शब्द घातला होता. तोच, तिचा स्वतःचा. मागचं बटण दाबलं असतं तर डब्बा तो शब्दही विसरला असता. सगळंच विसरला असता, कारखान्यातून आला तसा नवा कोरा झाला असता, आणि तिला भंडाऱ्यात बसून आत शिरताच आलं नसतं. रोज सकाळी ती आत शिरत होती. रोज सकाळी तिचीच बोटं तिला सांगत होती, बटण कोणी दाबलेलं नाही, कोणी दाबलेलं नाही. आणि ती भरल्या सभेत काय बोलून आली होती?

या चिमुकल्या डब्यांची स्मरणशक्ती दोन प्रकारची. एक चालती, लाइन आहे तोवर टिकणारी. दुसरी पक्की. नियम लिहिले की ते चालत्या स्मरणात जातात, चित्र दिसायला लागतं, सगळं छान वाटतं. मग शेवटची एक ओळ द्यायची, 'हे पक्कं कर' सांगणारी. परवलीचा शब्द आणि तिचं स्वतःचं आत यायचं दार तिनं भंडाऱ्यातच पक्कं करून नेलं होतं. कॅमेऱ्यांचे नियम तळ्यावर लिहिले. शेवटची ओळ द्यायची आणि भात खायला जायचं. तिनं ओळ ठेवली जेवणानंतरसाठी. आणि जेवणानंतर बुधराम खांबाखाली पुन्हा एकदा उभा राहून हात हलवत होता, आणि ती हसत हसत स्कूटीला किक मारत होती.

रोज परत नियम घालतानाही तिनं ती ओळ दिली नाही. पक्कं तर केलंच आहे, पुन्हा कशाला? इतके डब्बे बसवले, आजवर कधी विसरले का?

तिनं नियम घातले. खाली ती एक ओळ लिहिली. एंटर दाबलं. एवढंसं काम! चहात साखर घालण्याइतकंसुद्धा नाही.

आता फोन करायचा, ती मनाशी म्हणाली. भय्याजींना सांगायचं. पण फोन हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांपुढे ती खोली आली, ते गज धरून लटकलेले लोक आले. नंतर सांगू. चित्र चालू राहतं का ते तर बघू आधी. मनाला पळवाट हवी असली की ते किती शहाण्यासारखं बोलतं!

चित्र चालू राहिलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. खटका खाली गेला, वर आला, डब्बा उठला आणि सगळं आठवून कामाला लागला.

मग भय्याजींचाच फोन आला. मंजुषाच्या घरी माग चालू होता. तिचे वडील लक्ष्मणराव कोशाच्या रेशमाचं लुगडं विणत होते. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्यांची तिकडची निम्मी गिऱ्हाइकं तुटली, पण माग त्यांनी मोडला नव्हता. आई सुमित्राबाई दारात बसून कांड्या भरत होती. फोनमधला भय्याजींचा आवाज इतका मोठा, की तो सगळ्या घरानं ऐकला.

"मॅडम, मानलं बाप्पा तुमाले! चावी काढली अन् दुसऱ्याच दिवसापासून डब्बा पाहा कसा सरळ झाला! आता तं सगळ्याइले समजलं ना कोन करत होता. या बाजाराच्या दिवशी सभा घेतो अन् बुधरामचं नावच सोसायटीतून काढतो. तळ्यात जाळं टाकाचं नाही का पाय टाकाचा नाही."

"नाही, भय्याजी, ते..."

"तुमी यायची काही गरज नाही. तुमचं काम झालं!"

फोन ठेवला तोवर आई उठून शेजारच्या कलाबाईच्या कुंपणापाशी पोचलीसुद्धा. "आइकलं का वं? माह्या पोरीनं चोर पकडला! तिकडं सिहोऱ्याकडं. घरी बसल्या बसल्या!"

मंजुषाला वाटलं, जमीन दुभंगावी.

लक्ष्मणरावांचा धोटा थांबला. त्यांनी मान वर केली नाही. "चोर होता का तो?" एवढंच विचारलं.

"नाही बाबा."

धोटा पुन्हा चालू झाला नाही. ते तसेच बसून राहिले, हात ताण्यावर. मंजुषाला ओरडले असते, दोन शब्द लावले असते, तर परवडलं असतं.

बाजाराच्या दिवशी ती उजाडता उजाडता तळ्यावर पोचली. जाळी पाण्यात होती, खटका खाली होता. पाळीवर मासळी घ्यायला आलेल्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. भय्याजी लिलावासाठी उभे. भूपेश खोलीच्या दारात. बुधराम मात्र पाण्यात नव्हता. सगळ्यांपासून दूर, सांडव्याच्या दगडावर, गुडघ्याभोवती हात बांधून बसला होता. पाण्यात उतरायची मनाई अजून झाली नव्हती, पण तो झाल्यासारखाच बसला होता. सखाबाई जवळ उभी.

येताना सगळा रस्ता मंजुषानं भाषण जुळवलं होतं. 'तांत्रिक त्रुटी' असा एक शब्दही त्यात होता. पण तोंड उघडलं आणि घरचीच बोली बाहेर आली.

"भय्याजी, थे बटन कोनीच दाबलं नव्हतं. माहीच चूक होती. मी डब्याले नियम पक्के कराले सांगतलंच नव्हतं. लाइन गेली का तो विसरून जाये."

भय्याजींनी इकडंतिकडं बघितलं. "मॅडम, हळू बोला. चाला, खोलीत बसू. चहा घेऊ."

"खोलीत नाही. त्या दिवशी सगळ्याइसमोर बोलली मी."

"जाऊ द्या ना आता. डब्बा सुधरला ना? झालं तं मंग!"

"मी सुधरवला. भंडाऱ्यात बसून. अन् कोनाले सांगतलं नाही." हे म्हणताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की मासळीवाली कौशल्याबाई टोपलीवरून पुढं वाकून म्हणाली, "जोरानं बोल ना वं! बुधरामले चोर म्हनाच्या वक्ती तं मोठ्ठा गळा निघाला म्हन्ते तुहा."

बायका हसल्या. मंजुषानं पुन्हा सांगितलं, जोरानं. सांगून झाल्यावर जाळी बाहेर येईपर्यंत ती तिथंच उन्हात उभी राहिली, कोणी बस म्हटलं नाही. मग भूपेशनं खटका वर केला, आणि तिनं लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवून धरला. पडदा काळा. थोडा वेळ काळाच. मग डब्बा उठला, आणि पाळ, टोपल्या, उभी माणसं, सगळं आपसूक पडद्यावर आलं.

"पाहा," ती म्हणाली. "हे पयल्या दिवसापासून असंच व्हाले पायजे होतं."

माणसं जाळी आवरायला वळली. गज धरून गळाच्या टोकाची गोष्ट काढणारा जो कोणी होता, तोही वळला. बोलली ती सखाबाई. सांडव्यापासून चालत आली, मंजुषाच्या अगदी समोर उभी राहिली.

"त्या दिवशी भात माह्याच घरी खाल्ला होता ना वं तुनं?"

मंजुषाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचीही तिला लाज वाटली. रडायचा हक्क तरी तिला कुठं होता?

"सखे, राहू दे," मागून बुधराम म्हणाला. तो उठून आला होता. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. "बाई, म्हंजे आता लाइन बंद केली तरी चालते ना?"

"चालते, काका. कितीबी बंद करा."

"बेस झालं. पाण्यात मानसं रायतेत."

भय्याजींना आता घाई झाली होती. त्यांनी भूपेशकडून चावी घेतली आणि बुधरामपुढं धरली. "घे बाप्पा. झालं गेलं. तुही तुले."

बुधरामनं चावीकडे बघितलं. हात पुढं केला नाही. "भूपेशजवळच राहू द्या. खटका बराबर ओढते तो. आरोळी बी देते." मग मंजुषाकडे वळून म्हणाला, "चहा घेऊन जा," आणि खांद्यावर जाळं टाकून पाण्याकडे उतरला. भूपेशनं न सांगता खटका पुन्हा खाली ओढला. "बंद!" त्याची आरोळी पाण्यावरून गेली.

चहा कोणी केला नाही. मंजुषानंही वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भंडाऱ्यात लॅपटॉप उघडला. काही बिघडलं नव्हतं, तरी उघडला. ऊन नुकतंच पाळीवर आडवं पडलं होतं. माणसं एकेक करून खांबाखालून जात होती. कौशल्याबाई टोपली घेऊन गेली. भूपेश खोलीकडे गेला.

मग करंजीच्या झाडापाशी एक लांब सावली पाळीवर आली. खांद्यावर जाळं, जरासं वाकलेलं डोकं. माणूस झाडापलीकडे, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर होता. मंजुषा पडद्याच्या जवळ सरकली.

सावली क्षणभर थांबली. मग वळली, आणि पाळीखाली, बांधीच्या चिखलाकडे उतरून गेली.

पाळ मोकळी राहिली. चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं.